वाईट दुसऱ्या अल्बमचा हक्क

मागच्या महिन्यात आम्ही चौघं दिवेआगरहून पुण्याला परत येत होतो. रविवारची रात्र, ताम्हिणी घाट संपलेला, मागच्या सीटवरचे दोघं अर्धवट झोपेत. गाणी लावायची ड्यूटी माझ्याकडे होती (गाडी चालवता येत नसली की ही ड्यूटी आपोआप मिळते). मुळशीच्या आसपास मी 'गिटार रोमँटिक' लावला. अल्बम पुरता अर्ध्या तासाचाही नाही, त्यामुळे भूगाव यायच्या आत संपला सुद्धा.

"भारी आहे रे हे. यांचा पुढचा अल्बम लाव ना."

"पुढचा नाहीये. एकच आहे."

"का? भांडले का?"

"नाही. तिघं गेले. गाडीच्या अपघातात."

गाडीत जरा शांतता झाली. मग मागून, मला वाटत होतं झोपलाय असा एक जण म्हणाला, "पण एका अर्थी बरंच ना. एकच काढला आणि परफेक्ट काढला. बिघडवायला वेळच मिळाला नाही."

हे वाक्य मी आधीही बऱ्याचदा ऐकलंय. खरं सांगायचं तर मी स्वतःही म्हटलंय. पण त्या रात्री ते डोक्यात अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून माझं मत असं झालंय की हे वाक्य चुकीचं आहे, आणि त्यात नकळत थोडा निर्दयपणाही आहे. का ते सांगतो. पण त्याआधी ज्यांनी या बँडचं नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती.

द एक्सप्लोडिंग हार्ट्स हा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराचा बँड. 2001 च्या सुमारास सुरू झाला. अ‍ॅडम कॉक्स गाणार आणि गिटार वाजवणार, टेरी सिक्स दुसऱ्या गिटारवर, मॅट फिट्झगेराल्ड बेसवर आणि जेरेमी गेज ड्रम्सवर. सोबत किंग लुई बँकस्टन नावाचा न्यू ऑर्लिन्सचा एक वयाने थोडा मोठा, मुरलेला गडी. गाणी लिहिण्यात त्याचा मोठा हात होता. 2003 साली डर्टनॅप रेकॉर्ड्स या छोट्याशा कंपनीनं त्यांचा 'गिटार रोमँटिक' काढला. दहा गाणी, साधारण 28 मिनिटं. बस. एवढंच.

आता हे दहा ट्रॅक पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोणालाही वाटेल की हे 1978 सालचं इंग्लंड आहे. आवाज मुद्दाम धुरकट ठेवलेला. जुन्या ट्रान्झिस्टरवर शेजारच्या खोलीत कोणीतरी स्टेशन लावलंय आणि आपण भिंतीला कान लावून ऐकतोय, असा काहीसा. गिटार एकमेकींत मिसळून गेलेल्या, ड्रम्स मागे कुठेतरी, आणि त्यावर एक किंचित बेसूर पण जीव तोडून गाणारा पोरगा. कव्हरसुद्धा तेव्हाच्या रेकॉर्डसारखं, गुलाबी-पिवळं.

या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात. शब्द पहिल्यांदा वापरला तो द हू या बँडच्या पीट टाउनशेंडनं, 1967 मध्ये. कृती सोपी आहे: बीटल्सची चाल घ्या, तिला मोठ्या आवाजातल्या गिटार लावा आणि तीन मिनिटांच्या आत संपवा. 1977-78 च्या सुमारास इंग्लंड-आयर्लंडमधल्या पोरांनी त्यात पंकचा वेग घातला. बझकॉक्स, द अंडरटोन्स, द ओन्ली वन्स ही त्यातली नावं. एक्सप्लोडिंग हार्ट्सनी नेमकं हेच सगळं उचललं. आणि लपवलंही नाही. पहिल्याच गाण्याचं नाव 'मॉडर्न किक्स'. अंडरटोन्सचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं 'टीनएज किक्स', 1978 चं. ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. दुसऱ्या गाण्याचं नाव तर 'आय अ‍ॅम अ प्रिटेंडर'. म्हणजे मी बतावणी करतोय! टीकाकारांचं काम त्यांनी स्वतःच करून ठेवलं.

सगळ्यात गंमत म्हणजे उच्चार. हा पोर्टलंडचा अ‍ॅडम कॉक्स गातो चक्क इंग्रजांच्या हेलात. कोणी म्हणेल, काय हे ढोंग. पण याच्या चाळीस वर्षं आधी लंडनचा मिक जॅगर अमेरिकन कृष्णवर्णीय ब्लूज गायकांच्या हेलात गात होताच की. इंग्रज पोरांनी अमेरिकेकडून उसनं घेतलं, आणि चाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या पोरांनी ते इंग्रजांकडून परत मागून घेतलं. व्याजासकट. रॉक संगीताचा अर्धा इतिहास हा असा उसनवारीचा आहे. त्यामुळे 'रेट्रो' हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात तेव्हा मला हसू येतं. नक्कल केली की नाही हा प्रश्नच नसतो, सगळेच करतात. नक्कल करता करता तुम्ही स्वतः त्यात सापडता की नाही, हा खरा प्रश्न.

आणि या अल्बममध्ये ती पोरं सापडतात. 'स्लीपिंग एड्स अँड रेझरब्लेड्स' ऐका. नाव भयंकर आहे, पण चाल अशी की पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसते. किंवा 'थॉर्न्स इन रोझेस'. विशीतल्या मुलाचं प्रेम मोडल्यावर जे जगबुडी झाल्यासारखं वाटतं, ते इथे आहे. त्याला कुठलं साल नसतं. 1978 चा कोट घातलाय, पण आतला घाम 2003 चाच आहे.

माझी स्वतःची अवस्था तर आणखी विचित्र. 2003 साली मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो. हा अल्बम मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सापडला, हॉस्टेलच्या रूमवर, सबमिशनच्या आदल्या रात्री. म्हणजे जी पोरं 1978 ला नव्हती ती 1978 साठी झुरत होती, आणि मी त्यांच्या झुरण्यासाठी झुरतोय. उसन्यावर उसनं. असो.

तर आता तो अपघात. 20 जुलै 2003, रविवार. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कार्यक्रम करून बँड रातोरात पोर्टलंडला परत निघाला होता. अंतर जवळजवळ हजार किलोमीटर. पहाटे युजीन शहराजवळ, इंटरस्टेट 5 या हायवेवर चालवणाऱ्याचा डोळा लागला आणि व्हॅन उलटली. कॉक्स 23 वर्षांचा होता, गेज 21, फिट्झगेराल्ड 20. टेरी सिक्स आणि त्यांची मॅनेजर वाचले. घर अजून पावणेदोनशे किलोमीटर लांब होतं. अल्बम येऊन उणेपुरे काही महिने झाले होते.

रॉकमधल्या मृत्यूंभोवती एक वलय असतं. ड्रग्ज, हॉटेलची खोली, 27 वर्षं वगैरे. त्यावर पुस्तकं निघतात, सिनेमे निघतात. पण या मृत्यूत वलय असं काहीही नाही. छोटी कंपनी, बेताचे पैसे, कार्यक्रम संपवून रातोरात परत, पहाटेची डुलकी. आपल्याकडे रोज पेपरात आतल्या पानावर येते ती बातमी. लग्नाहून परतताना, देवदर्शनाहून परतताना, सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून रविवारी रात्री कोकणातून परतताना. त्या रात्री हे सगळं मी गाडीत सांगितलं तेव्हा चालवणाऱ्या मित्रानं काही न बोलता पुढच्या टपरीवर गाडी घेतली. सगळ्यांनी खाली उतरून चहा घेतला, तोंडावर पाणी मारलं. पुण्यात पोचायला अर्धा तास राहिला होता, तरीही.

आणि म्हणूनच मला ते "एका अर्थी बरंच" पटत नाही. कुठल्या अर्थी बरं?

लोकांच्या मनात एकाच अल्बमच्या बँडचं एक वेगळं कपाट असतं. सेक्स पिस्टल्सचा 1977 चा एकुलता एक अल्बम, डेरेक अँड द डॉमिनोजचा 1970 चा 'लैला', लिव्हरपूलच्या द लाझचा 1990 चा. जेफ बकलीनं हयातीत पूर्ण केलेला एकच स्टुडिओ अल्बम, 1994 चा 'ग्रेस', आणि 1997 मध्ये तो बुडून गेला. आपण हे सगळे एका ओळीत ठेवतो आणि म्हणतो, वा, काय निर्मळ कारकीर्द, एकही डाग नाही. पण यात फरक आहे ना. सेक्स पिस्टल्स फुटले. द लाझच्या ली मेव्हर्सला तर आपला अल्बमच आवडला नाही, एकामागून एक निर्माते बदलून झाले तरी त्याला हवा तो आवाज मिळेना. शेवटी कंपनीनं अल्बम बाजारात आणला आणि त्यानं मुलाखतींमधून त्याला नावं ठेवली. त्यानं पुढचा काढला नाही. काढू शकला असता, नाही काढला. तो त्याचा निर्णय. एक्सप्लोडिंग हार्ट्सना निर्णयच घेता आला नाही. या दोन गोष्टी एका कपाटात कशा ठेवायच्या?

बरं, आता मित्राच्या वाक्यातला खरा मुद्दा घेऊ. तो म्हणतो, दुसरा अल्बम वाईट निघाला असता. मी म्हणतो, अगदी शक्य आहे! रेट्रो बँडचा दुसरा अल्बम वाईट निघायचीच शक्यता जास्त. पहिल्या अल्बममध्ये तुमची लहानपणापासूनची आवड सगळी ओतलेली असते. जे जे रेकॉर्ड ऐकून तुम्ही वेडे झालात त्या सगळ्यांचा अर्क. दुसऱ्याच्या वेळी तो अर्क संपलेला असतो, आणि स्वतःचं म्हणावं असं अजून काही तयार झालेलं नसतं.

पण गोष्ट तिथे संपते का? द जॅम या बँडचं उदाहरण बघा. वोकिंगचा पॉल वेलर, द हूच्या जुन्या गाण्यांवर पोसलेला. तसेच काळे सूट, तशीच गिटार, तसाच आवेश. मे 1977 मध्ये पहिला अल्बम आला, 'इन द सिटी'. वेलर तेव्हा 18 वर्षांचा होता. साठच्या दशकाची उघड उघड नक्कल, पण जोरदार. ब्रिटिश चार्टवर 20 व्या नंबरपर्यंत गेला. मग कंपनीच्या घाईत सहा महिन्यांत दुसरा, नोव्हेंबर 1977 चा 'धिस इज द मॉडर्न वर्ल्ड'. तो लोकांना फारसा रुचला नाही. समीक्षकांनी झोडपला, चार्टवर 22 वर थांबला. तिसऱ्यासाठी त्यांनी केलेली पहिली गाणी तर त्यांच्याच निर्मात्यानं नाकारली. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला सांगितलं गेलं की बाबा, हे चालायचं नाही. वेलर घरी गेला आणि पुन्हा लिहायला बसला. आणि नोव्हेंबर 1978 मध्ये आला 'ऑल मॉड कॉन्स'. चार्टवर 6 वा, आणि आज सत्तरच्या दशकातल्या उत्तम ब्रिटिश अल्बमांत त्याचं नाव घेतात. त्यातही नक्कल आहेच, द किंक्सचं एक गाणं तर जसंच्या तसं घेतलंय. पण बाकी सगळीकडे आता वेलर दिसतो. 1982 ला बँड संपला तेव्हा एकूण सहा अल्बम झाले होते.

आता कल्पना करा की जून 1977 मध्ये जॅमची व्हॅन कुठल्यातरी इंग्लिश हायवेवर उलटली असती. आपण काय म्हटलं असतं? "द जॅम, एकच अल्बम, काय ऊर्जा, बरं झालं बिघडवायला वेळ मिळाला नाही." आणि 'ऑल मॉड कॉन्स' नावाची काही गोष्ट असू शकली असती हे आपल्याला कळलंही नसतं. ती रिकामी जागा आपल्याला दिसलीच नसती.

बीटल्सचंच घ्या. 1963 च्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी, त्यातली 6 दुसऱ्यांची. तिथेच थांबले असते तर अमेरिकन गाणी झकास गाणारा लिव्हरपूलचा एक गोड बँड, एवढीच नोंद राहिली असती.

थोडक्यात काय, तर वाईट दुसरा अल्बम हा रस्त्यातला खड्डा नाही, बऱ्याचदा तोच रस्ता असतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. पहिली दोन वर्षं मी दुसऱ्यांचा कोड बघून बघून लिहायचो आणि तो बरा चालायचा. मग स्वतःचं डोकं लावून एक मॉड्यूल लिहिलं, ते इतकं भीषण होतं की माझ्या सीनिअरनं ते रिव्ह्यूमध्ये उघडलं आणि नुसता "हं" म्हणाला. ते मॉड्यूल पुढे फेकून दिलं. पण मला काही येत असेल तर ते तिथून यायला लागलं. कोणी मला सांगितलं असतं की "तू नकला करायचास तेव्हाच थांबायला हवं होतंस, रेकॉर्ड स्वच्छ राहिलं असतं", तर मी त्याला काय म्हटलं असतं ते इथे लिहिता येणार नाही.

परफेक्ट रेकॉर्डचं कौतुक हे ऐकणाऱ्याचं सुख आहे. आपल्याला 28 मिनिटं मिळाली, निराशा झाली नाही, आपण खूश. ती किंमत कोणी दिली याचा हिशोब आपण करत नाही. वाचलेल्या टेरी सिक्सच्या बाजूनं जरा बघा. त्याच्यासाठी ही निर्मळ कारकीर्द वगैरे काही नाही, त्याचे तीन दोस्त गेले. तो थांबला नाही, हे मला विशेष वाटतं. त्यानं द नाइस बॉइज नावाचा दुसरा बँड काढला. 2006 मध्ये एक्सप्लोडिंग हार्ट्सच्या उरल्यासुरल्या गाण्यांचा 'शॅटर्ड' हा संग्रह आला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो आणि किंग लुई पुन्हा एकत्र आले आणि 'टेरी अँड लुई' नावानं गाणी केली. ती ऐकताना 'गिटार रोमँटिक' इतका झटका बसतो का? मला नाही बसत. पण ती गाणी मला आवडतात, कारण त्यात माणसं म्हातारी होताना दिसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये किंग लुईही गेला. 2023 मध्ये, वीस वर्षं झाली म्हणून, थर्ड मॅन रेकॉर्ड्सनं 'गिटार रोमँटिक' नव्यानं काढला, आवाज जरा साफसूफ करून आणि काही जादा ट्रॅक घालून.

ती नवी आवृत्ती ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. आता त्यातलं बरंच काही नीट ऐकू येतं आणि त्यातल्या चुका पण. कुठे आवाज चढत नाही, कुठे सगळे जरा जास्तच जोशात पुढे पळतात. म्हणजे हा अल्बम 'परफेक्ट' कधी नव्हताच! तो परफेक्ट आपण केला, नंतर, ती पोरं गेल्यावर. जिवंत असताना तो फक्त चार-पाच पोरांचा एक जबरदस्त पहिला अल्बम होता. पहिला. त्यांच्या दृष्टीनं तो पहिलाच होता, एकमेव नव्हे. वीस-बावीस वर्षांचं कोणी शेवटचं काम करायला स्टुडिओत जात नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. 'गिटार रोमँटिक' जरूर ऐका, मोठ्यांदा ऐका. पण देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू म्हणून ऐकू नका. सुरुवात म्हणून ऐका. यांचा पुढचा अल्बम कदाचित पडला असता, त्यावर कोणीतरी "पहिल्यासारखी मजा नाही" असं लिहिलं असतं, कदाचित ते मीच लिहिलं असतं. मग ते चिडले असते, घरी गेले असते आणि पुन्हा लिहायला बसले असते. तिसरा अल्बम कसा असता कोण जाणे. तो कदाचित 1978 सारखा अजिबात वाटला नसता.

मागच्या सीटवरच्या मित्राला हे सगळं त्या टपरीवर सांगितलं. त्यानं चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "बरं बाबा, मान्य. वाईट दुसरा अल्बम पाहिजे होता." मग गाडीत बसताना म्हणाला, "पण पहिला परत लाव."

लावला. या वेळी भूगावपासून, घर येईपर्यंत. कोणी झोपलं नाही.